एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे, आतड्यातील सूक्ष्मजीव आणि दाह : सातारा–सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

एचआयव्हीचा संसर्ग होण्यापूर्वीच तो टाळण्यासाठी निरोगी व्यक्तीने घ्यावयाच्या औषधयोजनेस ‘प्रीप’ असे संक्षिप्त नाव रूढ झाले आहे. या औषधांचा आतड्यातील सूक्ष्मजीवसमूहावर व शरीरातील दाहावर काय परिणाम होतो, या प्रश्नावर गेल्या दशकात काही महत्त्वाचे संशोधन झाले. तथापि हे संशोधन प्रामुख्याने अमेरिकेतील पुरुषांवर झालेले आहे. सातारा–सांगली परिसरातील आहार, येथील लोकांच्या आतड्यातील सूक्ष्मजीव आणि येथे प्रीपची गरज असलेले समाजघटक हे सर्व त्याहून भिन्न आहेत. प्रस्तुत लेखात उपलब्ध निष्कर्षांचा परामर्श घेऊन ते आपल्या परिसराला कितपत लागू पडतात, याचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : एचआयव्ही, प्रीप, टेनोफोव्हिर, आतड्यातील सूक्ष्मजीव, दाह, आहार, सातारा, सांगली.

प्रस्तावना

भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग १९८६ मध्ये चेन्नई येथे निदर्शनास आला. त्यानंतरच्या दोन दशकांत ज्या राज्यांना या साथीची मोठी झळ बसली, त्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–२०१२) देशातील जिल्ह्यांचे वर्गीकरण करण्यात आले, तेव्हा सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे ‘अ’ वर्गात, म्हणजे सर्वाधिक लक्ष देण्याची गरज असलेल्या जिल्ह्यांत गणले गेले. पुणे–बंगळूर महामार्गावरील मालवाहतूक, माण–खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांतून मुंबईकडे जाणारा माथाडी कामगार, खानापूर–आटपाडी भागातून देशभर विखुरलेला गलाई व्यावसायिक आणि सांगली–मिरज परिसरातील वेश्यावस्त्या अशी स्थलांतराची व संपर्काची अनेक सूत्रे या परिसरात एकत्र आली होती.

याच परिसराने साथीला दिलेले उत्तरही तितकेच उल्लेखनीय आहे. १९९२ मध्ये मीना सेषू यांच्या पुढाकाराने सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्था अर्थात ‘संग्राम’चे कार्य सुरू झाले. गोकुळनगर या वस्तीतील स्त्रियांनी आपल्याच मैत्रिणींना निरोधची माहिती द्यावी व तो त्यांच्यापर्यंत पोहोचवावा, या साध्या कल्पनेतून पुढे १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, ही वेश्याव्यवसायातील स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. प्रतिबंधाचे साधन कोणतेही असो, ते वापरणाऱ्याच्या हाती त्याविषयीचे ज्ञान आणि निर्णय असला पाहिजे, हा या कार्याचा गाभा होय.

आता प्रतिबंधाच्या साधनांत निरोधच्या जोडीला औषधाची भर पडली आहे. निरोगी व्यक्तीने महिनोन्महिने औषध घ्यावे, असे सुचविताना त्या औषधाचा शरीरावर होणारा प्रत्येक परिणाम तपासणे हे वैद्यकीय तसेच नैतिक कर्तव्य ठरते. रुग्ण बरा होण्यासाठी काही त्रास सहन करतो, परंतु जी व्यक्ती मुळात आजारीच नाही, तिला “या गोळीने माझ्या पोटाचे काय होईल?” असे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) प्रतिबंधक औषधांचे कार्य आणि त्यांचा आतड्याशी येणारा संबंध स्पष्ट करणे.
२) या औषधांमुळे आतड्यातील सूक्ष्मजीव व दाह यांत होणाऱ्या बदलांविषयीच्या संशोधनाचा आढावा घेणे.
३) हे निष्कर्ष सातारा–सांगली परिसराला लागू करताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचे विवेचन करणे.
४) स्थानिक महाविद्यालयांना करता येण्याजोग्या अभ्यासाची दिशा सुचविणे.

लेखाची मांडणी प्रकाशित संशोधनाच्या म्हणजेच दुय्यम साधनांच्या आधारे, वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने करण्यात आली आहे.

प्रीप म्हणजे काय?

एचआयव्ही हा विषाणू आपली जनुकीय माहिती आरएनए या स्वरूपात बाळगतो. मानवी पेशीत शिरल्यावर ‘रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज’ या विकराच्या साहाय्याने तो त्या माहितीचे डीएनएमध्ये रूपांतर करतो व ती पेशीच्या जनुकसंचात कायमची बसवितो. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे डीएनएच्या घटकांसारखीच दिसतात. विषाणूचा विकर फसून त्यांचा वापर करतो आणि डीएनएची साखळी अर्धवट तुटते. पेशीत हे औषध आधीपासूनच पुरेशा प्रमाणात असेल, तर विषाणूला पाय रोवता येत नाही. या दोन औषधांची एकत्रित गोळी दररोज घेणे, हे प्रीपचे सर्वाधिक प्रचलित रूप आहे.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयप्रेक्स’ या चाचणीत पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष व पारलिंगी स्त्रिया मिळून २,४९९ व्यक्ती सहभागी होत्या. गोळी दिलेल्या गटात संसर्गाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. केनिया व युगांडातील जोडप्यांवर झालेल्या ‘पार्टनर्स प्रीप’ या चाचणीत (२०१२) एकत्रित गोळीने ७५ टक्के संरक्षण मिळाले. याउलट आफ्रिकेतील तरुण स्त्रियांवर झालेल्या ‘फेम-प्रीप’ व ‘व्हॉइस’ या चाचण्यांत गोळ्यांचा उपयोग दिसून आला नाही. रक्ततपासणीत त्याचे कारण स्पष्ट झाले. बहुसंख्य सहभागी स्त्रियांच्या शरीरात औषधच नव्हते, म्हणजे त्या गोळ्या नियमित घेत नव्हत्या. औषधाची परिणामकारकता ही त्याच्या रसायनाइतकीच ते घेणाऱ्या व्यक्तीच्या विश्वासावर अवलंबून असते, हा या चाचण्यांचा मोठा धडा आहे.

जुलै २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीस प्रतिबंधासाठी मान्यता दिली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संसर्गाचा लक्षणीय धोका असलेल्या सर्वांना प्रीप उपलब्ध करून द्यावे, अशी शिफारस केली. भारतात म्हैसूर येथे ‘अशोदया समिती’ व कोलकाता येथे ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ या वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या संघटनांनी प्रीपचे प्रात्यक्षिक प्रकल्प राबविले. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही प्रीपविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

एचआयव्ही आणि आतडे

एचआयव्ही हा रक्ताचा आजार आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याची सर्वांत मोठी हानी प्रारंभी आतड्यात होते. शरीरातील प्रतिकारपेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. संसर्गानंतर अवघ्या काही आठवड्यांत तेथील सीडी-४ पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, हे २००४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून सिद्ध झाले.

आतड्याचे अस्तर ही एक चाळण आहे. अन्नरस आत घ्यावा आणि अब्जावधी जीवाणूंना बाहेरच ठेवावे, असे दुहेरी काम ती करते. ही चाळण फाटली की जीवाणूंच्या पेशीभित्तिकेचे तुकडे रक्तात झिरपू लागतात आणि प्रतिकारसंस्था सतत उद्दीपित राहते. ब्रेंचली व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एचआयव्हीबाधितांच्या रक्तात अशा तुकड्यांचे प्रमाण वाढलेले असल्याचे व त्याचा या दीर्घकालीन उद्दीपनाशी संबंध असल्याचे दाखविले. यालाच जुनाट दाह असे म्हणतात. हा दाह डोळ्यांना दिसणाऱ्या सुजेसारखा नसतो. तो रक्तातील इंटरल्युकिन-६, विद्राव्य सीडी-१४ अशा निर्देशकांतून ओळखावा लागतो. विषाणूविरोधी उपचार सुरू केल्यावरही तो पूर्णतः शमत नाही आणि हृदयविकारासारख्या आजारांचा धोका वाढवितो.

येथे एक मूलभूत मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. प्रीपमुळे संसर्ग टळतो, म्हणजेच आतड्याची ही अपरिमित हानीही टळते. प्रीपचे सूक्ष्मजीवांवरील कोणतेही दुष्परिणाम मोजावयाचे झाल्यास ते या लाभाच्या तुलनेतच मोजले पाहिजेत.

औषध आणि सूक्ष्मजीव यांची गाठ कोठे पडते?

टेनोफोव्हिरची गोळी उपाशीपोटी घेतली, तर औषधाचा साधारण एक चतुर्थांश भाग रक्तात शोषला जातो. उर्वरित बराचसा भाग आतड्यातून पुढे सरकतो. त्यामुळे मलाशयाच्या ऊतींत टेनोफोव्हिरच्या क्रियाशील रूपाचे प्रमाण योनिमार्गाच्या ऊतींतील प्रमाणाच्या सुमारे शंभरपट आढळते. याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की, आतड्यातील सूक्ष्मजीव या औषधाच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहतात. दुसरा असा की, योनिमार्गातून होणाऱ्या संसर्गापासून संरक्षणासाठी स्त्रियांना गोळ्यांत अधिक नियमितपणा राखावा लागतो.

प्रतिजैविक नसलेली औषधेही जीवाणूंवर परिणाम करतात का? २०१८ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी एक हजाराहून अधिक औषधे आतड्यातील ४० जीवाणूंवर प्रयोगशाळेत तपासली. मानवी पेशींवर कार्य करण्यासाठी बनविलेल्या औषधांपैकी २४ टक्के औषधांनी किमान एका जीवाणूची वाढ रोखली. म्हणून विषाणूविरोधी औषधाचा जीवाणूंवर परिणाम होण्याची शक्यता गृहीत धरूनच अभ्यास करणे इष्ट ठरते.

हा संबंध उलट दिशेनेही असू शकतो. जीवाणूच औषधावर परिणाम करू शकतात. दक्षिण आफ्रिकेतील ‘काप्रिसा ००४’ या चाचणीत योनिमार्गात लावावयाच्या टेनोफोव्हिर जेलने ३९ टक्के संरक्षण दिले होते (२०१०). २०१७ मध्ये या चाचणीतील नमुन्यांचा पुन्हा अभ्यास झाला. ज्या स्त्रियांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जीवाणूंचे वर्चस्व होते, त्यांना ६१ टक्के, तर इतर स्त्रियांना केवळ १८ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसून आले. गार्डनेरेला हा जीवाणू टेनोफोव्हिरचे विघटन करतो, असे त्यामागील कारण सांगण्यात आले. मात्र तोंडावाटे घ्यावयाच्या गोळीच्या बाबतीत ‘पार्टनर्स प्रीप’मधील स्त्रियांच्या नमुन्यांत असा फरक आढळला नाही. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण जेलविषयीचा निष्कर्ष गोळीला चिकटवून अनाठायी भीती पसरण्याचा संभव असतो. टेनोफोव्हिर जेलची सुरक्षितता तपासणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पुणे हे एक केंद्र होते. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने पुण्यात सुरू झालेल्या संस्थेमुळे आपल्या विभागास या संशोधनाची परंपरा नवी नाही.

उपलब्ध निष्कर्षांचा आढावा

(अ) सूक्ष्मजीवांतील बदल : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दररोज प्रीप घेणाऱ्या पुरुषांच्या मलाशयातील जीवाणूंची तुलना प्रीप न घेणाऱ्यांशी करण्यात आली. प्रीप घेणाऱ्यांत स्ट्रेप्टोकॉकस गटाचे जीवाणू कमी व एरिसिपेलोट्रिकेसी कुलातील जीवाणू अधिक आढळले. निरोगी माकडांना विषाणूविरोधी औषधे देऊन केलेल्या २०१९ मधील प्रयोगात आतड्यातील जीवाणूंच्या विविधतेत तात्पुरते चढउतार व प्रतिकारपेशींत माफक बदल नोंदविले गेले. या दोन्ही अभ्यासांवरून बदल होतो, परंतु तो मर्यादित स्वरूपाचा असतो, असे म्हणता येईल. त्या बदलामुळे कोणता आजार जडतो, असे यांपैकी कोणत्याही अभ्यासाने दाखविलेले नाही.

(ब) दाह व प्रतिकारसंस्था : या बाबतीत निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी आहेत. २०१५ मधील एका अभ्यासात एचआयव्ही नसलेल्या व्यक्तींनी टेनोफोव्हिर–एमट्रिसिटाबिन घेतल्यावर रक्तातील टी-पेशींचे उद्दीपन कमी झाल्याचे आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात टेनोफोव्हिर जेल मलाशयात वापरल्यावर तेथील दाहशामक घटकांची निर्मिती दबते व पेशींतील तंतुकणिकांच्या कार्यात बिघाड होतो, असे निदर्शनास आले. २०२० मध्ये सिअ‍ॅटल येथील संशोधकांनी तोंडावाटे औषधे घेणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या व्यक्तींच्या आतड्याच्या ऊती तपासल्या, तेव्हा तेथे इंटरफेरॉनशी संबंधित जनुके अधिक कार्यरत असल्याचे दिसले. रक्तात मात्र तसा बदल नव्हता. इंटरफेरॉन ही विषाणू शिरल्याची सूचना देणारी शरीराची धोक्याची घंटा होय. ही घंटा मंद स्वरात सतत वाजत राहिली, तर ती संरक्षणास पूरक ठरेल की दीर्घकाळात दाहास कारणीभूत होईल, हा खुला प्रश्न आहे.

हे निष्कर्ष एकत्र वाचले असता विरोध बराचसा मावळतो. रक्त व आतडे ही दोन वेगळी स्थाने आहेत. गोळी व जेल हे दोन वेगळे मार्ग आहेत. औषधाची मात्रा जेथे अधिक, तेथे ऊतींची प्रतिक्रियाही वेगळी, हे शरीरशास्त्राला धरूनच आहे. म्हणून प्रीपने दाह वाढतो किंवा कमी होतो, असे एका वाक्यात सांगणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य होणार नाही.

(क) अभ्यासांतील गुंतागुंत : या क्षेत्रात घाईने काढलेला निष्कर्ष कसा दुरुस्त करावा लागतो, याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. २०१३–१४ च्या सुमारास एचआयव्हीबाधितांच्या आतड्यात प्रीव्होटेला या जीवाणूचे प्रमाण वाढते व त्याचा दाहाशी संबंध आहे, असे काही अभ्यासांनी मांडले. २०१६ मध्ये बार्सिलोना व स्टॉकहोम येथील अभ्यासात असे दिसून आले की, प्रीव्होटेलाचे प्राबल्य हे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत, एचआयव्ही असो वा नसो, आढळते. पूर्वीच्या अभ्यासांत बाधित गटात असे पुरुष अधिक होते आणि निरोगी गटात कमी होते. त्यामुळे लैंगिक जीवनाशी निगडित असलेला फरक विषाणूच्या खात्यावर मांडला गेला होता. प्रीप घेणाऱ्यांच्या बाबतीतही हाच धोका संभवतो. प्रीप घेणाऱ्यांची लैंगिक आजारांसाठी वारंवार तपासणी होते, त्यांना प्रतिजैविके अधिक वेळा दिली जातात, आणि प्रतिजैविकांचा आतड्यातील जीवाणूंवर होणारा परिणाम सर्वश्रुत आहे. गोळीचा परिणाम कोणता व प्रतिजैविकाचा कोणता, हे वेगळे केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

सातारा–सांगलीचे आतडे

वरील सर्व विवेचनाचा आपल्या परिसराशी असलेला संबंध आहाराच्या वाटेने येतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील जावळी–पाटणचा भात व नाचणी, कृष्णाकाठच्या कराड–वाळवा–पलूसचा ऊस व गहू, आणि पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील शाळू व बाजरी असा उतरता आलेख या दोन जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे दिसतो. ज्वारीच्या भाकरीतील तंतुमय घटक व सावकाश पचणारे पिष्ट यांचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जीवाणू त्याचे किण्वन करून ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. ही आम्ले आतड्याच्या अस्तरातील पेशींचे अन्न होत. त्यांच्या योगे अस्तराची वीण घट्ट राहते व दाह आटोक्यात राहतो.

अशा वनस्पतीप्रधान आहारावर पोसलेल्या आतड्यात प्रीव्होटेलाचे प्राबल्य असणे स्वाभाविक आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राशी संबंधित संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीय व्यक्तींच्या आतड्यातील जीवाणूंची तुलना इतर देशांतील उपलब्ध माहितीशी केली. भारतीयांत प्रीव्होटेला व मेगास्फेरा या दोन गटांची समृद्धी हे वैशिष्ट्य त्यांना आढळले. २०१९ मध्ये भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात भोपाळच्या वनस्पतीप्रधान आहार घेणाऱ्या गटात प्रीव्होटेलाचे वर्चस्व, तर केरळच्या मिश्राहारी गटात बॅक्टेरॉइडीससारख्या गटांचे प्राबल्य दिसले. म्हणजे भारतातही एकच एक ‘भारतीय आतडे’ अस्तित्वात नाही.

आता याची सांगड एका महत्त्वाच्या अमेरिकन अभ्यासाशी घालून पाहू. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्या पुरुषांना पुढे एचआयव्हीचा संसर्ग झाला, त्यांचे संसर्गापूर्वी घेतलेले नमुने तपासण्यात आले. संसर्ग न झालेल्या पुरुषांच्या तुलनेत त्यांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडीस कमी व मेगास्फेरा गटातील एक प्रजाती अधिक आढळली, तसेच रक्तातील दाहाचे काही निर्देशकही आधीपासूनच वाढलेले होते. तेथे जो जीवाणूगट धोक्याची खूण म्हणून पुढे आला, तोच गट पुण्यातील संशोधकांना निरोगी भारतीयांचे वैशिष्ट्य म्हणून आढळला होता. प्रजातींचा भेद लक्षात घेतला तरीही यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. लॉस एंजेलिसच्या पुरुषासाठी जो बदल असाधारण, तो जतच्या शाळू खाणाऱ्या स्त्रीसाठी जन्मापासूनची सामान्य अवस्था असू शकतो. अमेरिकन मापदंड जसाच्या तसा लावला, तर आपल्याकडील निरोगी व्यक्तीच सदोष ठरेल आणि औषधाचा खरा परिणाम मात्र नजरेतून निसटेल.

याशिवाय लिंगभेदाचा प्रश्न आहे. वर उल्लेखिलेल्या आतड्यातील जीवाणूंच्या अभ्यासांत बहुतांश सहभागी पुरुष आहेत. सातारा–सांगली परिसरात प्रीपची गरज असलेल्यांत वेश्याव्यवसायातील स्त्रिया, तसेच पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष व पारलिंगी व्यक्ती हे सर्व येतात. यांतील स्त्रियांच्या आतड्यावर प्रीपचा काय परिणाम होतो, याचे उत्तर पुरुषांच्या नमुन्यांतून मिळण्याची अपेक्षा धरणे योग्य नाही.

व्यवहारातील प्रश्न

गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, पोटात वायू धरणे, जुलाब अशा तक्रारी काहींना जाणवतात. बहुतेकांत त्या महिन्याभरात ओसरतात. वस्तीतील एका स्त्रीला असा त्रास झाला आणि त्याचे कारण तिला कोणी समजावून सांगितले नाही, तर “ही गोळी आतडे कुजविते” अशी वदंता पसरण्यास वेळ लागणार नाही. ‘फेम-प्रीप’ व ‘व्हॉइस’च्या अनुभवावरून अशा अविश्वासाची किंमत किती मोठी असते, हे दिसून आलेच आहे. याउलट पोटाच्या तक्रारी म्हणजे केवळ मनाचे खेळ असे म्हणून त्या झिडकारणेही तितकेच अनुचित आहे. औषध आतड्यातील सूक्ष्मजीवांना काही प्रमाणात हलविते, हे आता ज्ञात आहे. हा बदल मर्यादित असल्याचे आजवरच्या अभ्यासांतून दिसते. एवढे सत्य सोप्या मराठीत सांगितले गेले, तर ते भीतीपेक्षा अधिक विश्वास निर्माण करील.

गोळी घेणाऱ्याने ज्या बाबींकडे निश्चितपणे लक्ष द्यावयाचे, त्या वेगळ्या आहेत. औषध सुरू करण्यापूर्वी व त्यानंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी, मूत्रपिंडाच्या कार्याची ठरावीक अंतराने तपासणी, आणि यकृतदाहाच्या ‘ब’ प्रकाराची तपासणी या त्या बाबी होत. टेनोफोव्हिर हे ‘ब’ प्रकारच्या यकृतदाहावरही कार्य करीत असल्याने तो आजार असलेल्या व्यक्तीने गोळी अचानक थांबविल्यास आजार उसळण्याचा धोका असतो. प्रीप इतर लैंगिक आजारांपासून संरक्षण देत नाही, म्हणून निरोधचे महत्त्व कायम राहते.

नव्या औषधांनी या प्रश्नाला आणखी एक वळण दिले आहे. लेनाकापाव्हिर हे वर्षातून दोनदा टोचावयाचे औषध होय. दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुण स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०२४) हे औषध घेतलेल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्यास प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली व जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याच्या जनेरिक उत्पादनाचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याच्या एम्क्युअर या कंपनीचा समावेश आहे. प्रारंभीच्या दोन दिवसांच्या गोळ्या वगळता या औषधाची दररोज आतड्याशी गाठ पडत नाही. त्यामुळे गोळी व इंजेक्शन यांची तुलना करणारा अभ्यास हा आतड्यावरील परिणाम वेगळा काढण्याचा एक उत्तम मार्ग ठरू शकेल.

महाविद्यालयांची भूमिका

या क्षेत्रातील स्थानिक माहितीची उणीव भरून काढण्यात सातारा–सांगली परिसरातील महाविद्यालये पुढील प्रकारे हातभार लावू शकतात.

१) सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी निरोगी व्यक्तींच्या आतड्यातील जीवाणूंची तालुकावार मूळ नोंद तयार करावी. घाटमाथा, कृष्णाकाठ व दुष्काळी पट्टा या तीन आहारविभागांची तुलना स्वतंत्रपणेही मोलाची ठरेल. या नोंदीसाठी कोणाच्याही एचआयव्ही-स्थितीची विचारणा करण्याची गरज नाही.

२) वैद्यकीय संस्थांच्या सहकार्याने प्रीपचा अभ्यास हाती घेतल्यास त्याच व्यक्तीचे औषधापूर्वीचे व औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यांतील नमुने घ्यावेत. प्रत्येक व्यक्तीची तुलना स्वतःशीच झाल्याने आहार व लैंगिक जीवनातील भेदांचा गोंधळ कमी होतो.

३) प्रत्येक नमुन्यासोबत आहार, मासिक पाळी व प्रतिजैविकांचा वापर यांची नोंद ठेवावी.

४) आहारशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विभागांनीही या कार्यात सहभागी व्हावे. आहाराची पाहणी, वस्तीतील समजुतींचा अभ्यास आणि शास्त्रीय माहितीचे सुबोध मराठीकरण ही कामे प्रयोगशाळेतील कामाइतकीच आवश्यक आहेत. महाविद्यालयांतील रेड रिबन क्लब व राष्ट्रीय सेवा योजना यांचा उपयोग या प्रबोधनासाठी करता येईल.

५) एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ हा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे. माहितीपूर्ण संमती व गोपनीयता यांविषयीच्या त्यातील तरतुदींचे काटेकोर पालन व्हावे. ज्या समाजघटकांचे नमुने घ्यावयाचे, त्यांच्या संघटनांना अभ्यासाच्या आखणीपासूनच सहभागी करून घ्यावे व निष्कर्ष प्रथम त्यांना सांगावेत.

निष्कर्ष

१) प्रीप हे एचआयव्ही रोखण्याचे परिणामकारक साधन असून त्यामुळे आतड्याची विषाणूजन्य हानी व त्यातून उद्भवणारा जुनाट दाह टळतो.

२) तोंडावाटे घ्यावयाच्या गोळीमुळे आतड्यातील सूक्ष्मजीवांत मर्यादित बदल झाल्याचे व आतड्याच्या ऊतींत प्रतिकारसंस्थेची काही प्रतिक्रिया उमटल्याचे दिसून आले आहे. या कारणास्तव प्रीप नाकारावे किंवा थांबवावे, असे सुचविणारा आधार उपलब्ध संशोधनात आढळत नाही.

३) या विषयावरील निष्कर्ष प्रामुख्याने परदेशातील पुरुषांवर आधारलेले आहेत. प्रीव्होटेला व मेगास्फेरा यांच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे, तेथील ‘सामान्य’ व आपले ‘सामान्य’ यांत मूलभूत अंतर असू शकते. सातारा–सांगली परिसरातील स्त्रियांसाठी हे निष्कर्ष तपासल्याविना लागू करू नयेत.

४) स्थानिक मूळ नोंद तयार करणे हे परिसरातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील कार्य आहे.

तीन दशकांपूर्वी सांगलीतील स्त्रियांनी निरोधविषयीचे ज्ञान आत्मसात करून ते इतरांपर्यंत पोहोचविले, तेव्हा त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. आज आपल्या महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शके आहेत, प्रशिक्षित प्राध्यापक आहेत आणि जिज्ञासू विद्यार्थी आहेत. गोळी हाती घेणाऱ्या स्त्रीने आपल्या पोटाविषयी विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच मातीतील, तिच्याच आहाराशी जुळणाऱ्या अभ्यासातून देता यावे, ही अपेक्षा आजच्या उच्च शिक्षणाकडून बाळगणे अवाजवी ठरू नये.